धातू आणि पाणी यांच्या अभिक्रियेतील वायूचे उत्तर जुळत नाही: चूक भागाकाराने कशी शोधावी

दरवर्षी एकच अडचण दोन रूपांनी समोर येते. पहिले रूप वहीतले आहे: सोडिअम किंवा कॅल्शिअम पाण्यात टाकल्यावर किती हायड्रोजन निघेल, याचे उदाहरण विद्यार्थी एकही पायरी न गाळता सोडवतो आणि तरीही त्याचे उत्तर पुस्तकाच्या मागे छापलेल्या उत्तराशी जुळत नाही. दुसरे रूप प्रयोगशाळेतले आहे: गणित बरोबर असते, परंतु मोजनळीत जमलेला वायू त्या गणिताला जुमानत नाही. यवतमाळ जिल्ह्यातील एका गावच्या कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवताना या दोन्ही रूपांशी माझी चांगली ओळख झाली आहे. मागच्या एप्रिलमध्ये जादा वर्गाच्या वेळी, पत्र्याच्या छताखालच्या आमच्या प्रयोगशाळेत एका मुलाने नळी हातात धरून विचारले, “सर, गणितात अठ्ठावीस येते अन् नळीत तं छत्तीस भरले, मंग खरं कोन्तं धराव?” त्याला तिथल्या तिथे दिलेले उत्तर अपुरे होते. सविस्तर उत्तर खाली देत आहे, मात्र त्याआधी वहीतली चूक पाहणे आवश्यक आहे, कारण ती दुरुस्त झाल्याशिवाय नळीतली चूक ओळखता येत नाही.

उत्तर चुकले की बहुतेक विद्यार्थी सूत्र बदलून पाहतात, किंवा सगळे उदाहरण खोडून पुन्हा पहिल्यापासून सोडवतात आणि पुन्हा त्याच ठिकाणी चुकतात, कारण चूक आकडेमोडीत नसते, ती समजुतीत असते आणि समजूत तीच राहते. माझा आग्रह असा आहे की, वही खोडण्याआधी आपल्या उत्तराला बरोबर उत्तराने भागावे. सकाळी धुऱ्यावरचा ठसा पाहून शेतकरी जसे सांगतो की रात्री तुरीत रोही शिरले की रानडुक्कर, तसाच हा प्रकार आहे. प्रत्येक चुकीचा ठसा वेगळा असतो आणि तो भागाकारात उमटलेला असतो.

ठसे ओळखण्यासाठी एक उदाहरण कायम समोर ठेवू. २.३ ग्रॅम सोडिअम भरपूर पाण्यात टाकले. (हे उदाहरण केवळ कागदावरचे आहे. एवढे सोडिअम पाण्यात कोणीही टाकू नये. ते वितळून पाण्यावर धावते, पेट घेते आणि स्फोटही होऊ शकतो. वर्गात दाखवायचेच असेल तर तांदळाच्या दाण्याहून मोठा तुकडा घेऊ नये, आणि तोही शिक्षकांनीच टाकावा.) समीकरण असे आहे:

२ सोडिअम + २ पाणी → २ सोडिअम हायड्रॉक्साइड + १ हायड्रोजन

मोल म्हणजे अणू-रेणू मोजण्याचे ठरलेले माप. सोडिअमचे अणुवस्तुमान २३ धरले तर त्याचा एक मोल २३ ग्रॅमचा, आणि २.३ ग्रॅम म्हणजे ०.१ मोल. दोन मोल सोडिअममागे एक मोल हायड्रोजन मिळतो, म्हणून हायड्रोजन ०.०५ मोल. ०° सेल्सिअस तापमान आणि १ वातावरण दाब असताना एक मोल वायू २२.४ लिटर जागा व्यापतो, म्हणून उत्तर १.१२ लिटर. तापमान २७° आणि दाब तेवढाच असेल तर हेच उत्तर १.२३ लिटर होते.

भागाकार २ येतो तेव्हा

सर्वांत जास्त वेळा दिसणारा भागाकार हाच आहे, आणि त्याच्यामागे एकच कारण असते असे मानल्यामुळे शिक्षकांचीही फसगत होते. सोडिअमसाठी २.२४ लिटर उत्तर आले की आपण लगेच म्हणतो, “समीकरण संतुलित केले नाहीस.” पुष्कळदा ते खरेही असते: ०.१ मोल सोडिअममधून ०.१ मोल हायड्रोजन मिळेल असे धरले गेलेले असते. परंतु काही वह्यांत समीकरण अगदी संतुलित असते आणि चूक पुढच्या पायरीत असते. विद्यार्थ्याने हायड्रोजनचे वस्तुमान ०.१ ग्रॅम असे बरोबर काढलेले असते आणि मग त्याला २ ऐवजी १ ने भागलेले असते, कारण त्याच्या मनात हायड्रोजन म्हणजे एकच अणू असतो. नळीत जमणारा हायड्रोजन दोन अणूंच्या रेणूंच्या रूपात असतो आणि त्याच्या एका मोलाचे वस्तुमान सुमारे २.०२ ग्रॅम भरते. या मुलाला समीकरणाचे संतुलन पुन्हा शिकवण्यात अर्थ नाही. ते त्याला येते.

तिसरे कारण मला फार उशिरा कळले. आवर्तसारणीत प्रत्येक मूलद्रव्याच्या चौकटीत दोन आकडे असतात आणि घाईत अणुवस्तुमानाऐवजी अणुक्रमांक उचलला जातो. सोडिअमचा अणुक्रमांक ११ आहे, म्हणून २.३ ला ११ ने भागले जाते आणि अखेरचे उत्तर २.३४ लिटर येते. भागाकार २.०९. हा आकडा २ च्या इतका जवळ आहे की घाईत तपासणारा त्याला संतुलनाची चूक समजून पुढे जातो. पोटॅशिअमच्या बाबतीत ३९.१ भागिले १९ म्हणजे भागाकार २.०६ येतो, आणि कॅल्शिअमच्या बाबतीत तर ४०.०८ भागिले २०, म्हणजे जवळजवळ नेमका २. यामुळेच भागाकार दोन दशांश स्थळांपर्यंत काढावा, असे मी सांगतो. २.०० आणि २.०९ यांतला फरक किरकोळ नाही; त्या दोन वेगळ्या चुका आहेत. कॅल्शिअममध्ये हा फरकही मिटतो, पण तिथे दुसरी सोय आहे. कॅल्शिअमचे समीकरण

१ कॅल्शिअम + २ पाणी → १ कॅल्शिअम हायड्रॉक्साइड + १ हायड्रोजन

असे असल्याने धातू आणि वायू यांचे प्रमाण मुळातच एकास एक आहे. सहगुणक, म्हणजे समीकरणातला पदार्थापुढचा आकडा, विसरल्याने इथे भागाकार २ येऊच शकत नाही, आणि तो आलाच तर आधी आवर्तसारणीतला आकडा तपासावा.

चौथे कारण प्रश्नाच्या शब्दांत दडलेले असते. “भरपूर पाणी” असे लिहिलेले नसेल आणि पाण्याचे वस्तुमान दिलेले असेल, तर धातू उरून पाणी संपण्याची शक्यता तपासली पाहिजे. ४.६ ग्रॅम सोडिअम आणि १.८ ग्रॅम पाणी दिले असल्यास सोडिअम ०.२ मोल आहे आणि पाणी केवळ ०.१ मोल. दोघे समान मोलांनी खर्च होतात, म्हणून अर्धे सोडिअम तसेच उरते आणि हायड्रोजन ०.०५ मोलच मिळतो. सोडिअमवरून गणित करणाऱ्याचे उत्तर बरोबर दुप्पट येते. कॅल्शिअममध्ये हा सापळा अधिक फसवा आहे: ४ ग्रॅम कॅल्शिअम आणि १.८ ग्रॅम पाणी दोन्ही ०.१ मोल असल्यामुळे प्रकरण बरोबरीचे वाटते, परंतु प्रत्येक कॅल्शिअमला दोन पाणी लागतात, म्हणून पाणी निम्म्यावरच संपते.

भागाकार निम्मा, म्हणजे ०.५, बहुधा सवयीतून येतो. सोडिअमची चार उदाहरणे सोडवून झाल्यावर पाचव्या उदाहरणात कॅल्शिअम येते आणि हात आपोआप २ ने भागतो. भागाकार ४ आला तर प्रमाण उलटे लावलेले असते, म्हणजे २ ने भागायचे तिथे २ ने गुणलेले असते. ०.५७ किंवा ०.५८ च्या आसपासचा भागाकार दिसला तर सोडिअमच्या २३ ऐवजी सोडिअम हायड्रॉक्साइडचे ४० घेतले गेले आहे. ही चूक विचाराची नसून नजरेची आहे. समीकरणातल्या उजवीकडच्या पदार्थाखाली लिहिलेला आकडा डावीकडे आलेला असतो.

संतुलित समीकरणावरच शंका असेल तर मी एक स्वतंत्र पडताळा वापरतो. धातूचा प्रत्येक अणू आपल्या संयुजेइतके (सोडिअमसाठी १, कॅल्शिअमसाठी २) इलेक्ट्रॉन देतो आणि हायड्रोजनचा एक रेणू तयार व्हायला दोन इलेक्ट्रॉन लागतात. म्हणून धातूच्या मोलांना संयुजेने गुणून २ ने भागले की हायड्रोजनचे मोल मिळतात. सोडिअम, पोटॅशिअम, लिथिअम यांच्यासाठी निम्मे, कॅल्शिअम व मॅग्नेशिअमसाठी जेवढ्यास तेवढे. वाफेवर तापवलेल्या लोखंडासाठी मात्र जपावे, कारण तिथे फेरिक ऑक्साइड तयार न होता मॅग्नेटाइट हे लोखंडाचे दुसरे ऑक्साइड तयार होते आणि तीन मोल लोखंडामागे चार मोल हायड्रोजन मिळतो. ज्याने फेरिक ऑक्साइड गृहीत धरले त्याचा भागाकार १.१२५ येतो. मॅग्नेशिअम थंड पाण्यात जवळजवळ स्वस्थ बसते आणि वाफेत ऑक्साइड देते, तरी हायड्रोजनचे प्रमाण बदलत नाही.

तापमान आणि एकके यांचे ठसे

२७° सेल्सिअसचे उदाहरण सोडवताना भागाकार ०.९१ आला, तर २२.४ हा आकडा त्याच्या हद्दीबाहेर वापरला गेला आहे. हा आकडा ०° सेल्सिअसचा आहे, आणि आमच्याकडे डिसेंबरच्या पहाटेही ०° होत नाही. भागाकार ०.०९ आला, तर निरपेक्ष तापमान घेण्यासाठी २७३ मिळवायचे राहिले आहे: ३०० च्या जागी २७ वापरले गेले. भागाकार १०१.३ आला, तर वायुस्थिरांक (वायूचा दाब, आकारमान, मोल आणि तापमान यांना जोडणाऱ्या सूत्रातला ठरावीक आकडा) एका एककपद्धतीतला आणि दाब दुसऱ्या एककपद्धतीतला आहे. दाब किलोपास्कलमध्ये आणि आकारमान लिटरमध्ये घ्यायचे असेल तर स्थिरांक ८.३१४ असतो, दाब वातावरणात घ्यायचा असेल तर ०.०८२१. ८.३१४ घेऊन दाबाच्या जागी १ लिहिले की आपल्या २.३ ग्रॅम सोडिअममधून १२४.७ लिटर हायड्रोजन निघतो. फवारणीसाठी पाणी साठवायचा दोनशे लिटरचा ड्रम निम्म्याहून अधिक भरेल एवढा वायू चिमूटभर धातूतून निघेल का, एवढा प्रश्न स्वतःला विचारला तरी ही चूक सापडते. उत्तर लिहिल्यावर ते कोणत्या भांड्यात मावेल याचा विचार करण्याची सवय माझ्या मते कोणत्याही सूत्रापेक्षा उपयोगी आहे.

१.०१ चा भागाकार ही चूक नव्हे. प्रमाण दाब पूर्वी १ वातावरण धरला जात असे. आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र संघटनेने १९८२ मध्ये तो १ बार, म्हणजे १०० किलोपास्कल केला, आणि त्यामुळे ०° सेल्सिअसला एक मोल वायूचे आकारमान २२.४ ऐवजी २२.७ लिटर झाले. दोन्ही आकडे पुस्तकांत आढळतात. कोणता घेतला हे उत्तराशेजारी लिहिले की वाद मिटतो.

नळीतला वायू गणितापेक्षा जास्त भरतो तेव्हा

आता त्या मुलाच्या छत्तीस मिलिलिटरकडे येऊ. प्रयोग कॅल्शिअमचा होता, आणि मोजमापासाठी कॅल्शिअमच योग्य आहे: ते पाण्यात बुडते, सोडिअमसारखे पेटत नाही आणि वायू सावकाश सोडते. पाण्याने काठोकाठ भरलेली ५० मिलिलिटरची मोजनळी उलट्या नरसाळ्यावर पालथी घालायची, गाळणकागदाच्या घडीत गुंडाळलेला कॅल्शिअमचा कीस नरसाळ्याखाली सरकवायचा, आणि कागद भिजेपर्यंत मिळालेल्या दोनतीन सेकंदांत हात बाजूला घ्यायचा, अशी आमची रीत आहे. डोळ्यांवर चष्मा हवा, जवळपास ज्योत नको, आणि राहिलेल्या पाण्यात बोटे घालू नयेत, कारण ते चुन्याची निवळी असते.

कॅल्शिअम ०.०५ ग्रॅम घेतले होते, म्हणजे ०.००१२५ मोल. २२.४ ने गुणल्यास २७.९ मिलिलिटर. मुलाचे अठ्ठावीस हे असे आले. त्या दुपारी नळीतल्या पाण्याचे तापमान ४०° होते आणि हवेचा दाब ९७ किलोपास्कल. आता भागाकाराची रीत इथेही लावता येते. ०° वरून ४०° वर गेल्याने वायू १.१४६ पट फुगतो. दाब १०१.३ ऐवजी ९७ असल्याने आणखी १.०४५ पट फुगतो. आणि तिसरी गोष्ट अशी की, पाण्यावर जमवलेला वायू कधीच कोरडा नसतो. ४०° ला पाण्याचा बाष्पदाब, म्हणजे नळीतल्या पाण्याच्या वाफेचा दाब, ७.३८ किलोपास्कल असतो, म्हणून नळीतल्या ९७ किलोपास्कलपैकी हायड्रोजनचा वाटा केवळ ८९.६ असतो. त्यामुळे आकारमान आणखी १.०८२ पट होते. तिन्हींचा गुणाकार १.२९६, आणि २७.९ गुणिले १.२९६ म्हणजे ३६.२ मिलिलिटर. अठ्ठावीस आणि छत्तीस दोन्ही खरे होते. हायड्रोजन तेवढाच होता, फक्त एक आकडा बर्फाच्या तापमानाचा होता आणि दुसरा आमच्या एप्रिलचा.

बाष्पदाबाची दुरुस्ती अनेक ठिकाणी किरकोळ म्हणून सोडून दिली जाते. २०° ला तो २.३४ किलोपास्कल असतो, तिथे ती सोडली तर सव्वादोन-अडीच टक्क्यांचा फरक पडतो आणि चालून जाते. ३०° ला तो ४.२५ होतो, ३५° ला ५.६३, आणि ४०° ला वर सांगितल्याप्रमाणे ७.३८. विदर्भाच्या उन्हाळ्यात ही दुरुस्ती सोडणे म्हणजे आठ टक्के चूक जाणूनबुजून पत्करणे होय. हाच प्रयोग आम्ही डिसेंबरमध्ये केला असता, पाणी २०° आणि दाब ९८ किलोपास्कल धरल्यास, तेवढ्याच कॅल्शिअममधून ३१.८ मिलिलिटर मिळायला हवेत. म्हणून मागच्या वर्षीच्या वहीतले निरीक्षण उतरवून काढणारा विद्यार्थी ऋतू बदलल्यामुळे पकडला जातो. मी दोघांना असे पकडले आहे.

तापमान मोजायचे ते पाण्याचे, खोलीचे नव्हे. हे सांगण्याचे कारण असे की, त्याच दिवशी एका गटाने गच्चीवरच्या काळ्या टाकीचे पाणी वापरले आणि दुसऱ्या गटाने, हात भाजू नयेत म्हणून, माठातले. माठाचे पाणी २७° होते. तेवढ्या तापमानाला त्याच कॅल्शिअमसाठी अपेक्षित आकडा ३३.३ आहे, म्हणजे एकाच टेबलावर दोन गटांत जवळजवळ तीन मिलिलिटरचा फरक पडणे स्वाभाविक होते, आणि तोही नळी खोलीतल्या उष्णतेने तापू लागल्यावर हळूहळू बदलत राहणार. पाणी आदल्या संध्याकाळी बादलीत भरून प्रयोगशाळेतच ठेवावे, हा यावरचा उपाय. तरीही ते खोलीइतके तापेल असे धरू नये, कारण कोरड्या हवेत उघड्या बादलीतले पाणी बाष्पीभवनाने थंडच राहते. कूलर याच तत्त्वावर चालतो. तापमापी पाण्यात बुडवून आकडा घेण्याला पर्याय नाही. शिवाय अभिक्रिया स्वतःच उष्णता देते. ०.०५ ग्रॅम कॅल्शिअममुळे ५० मिलिलिटर पाणी सुमारे अडीच अंशांनी तापू शकते, म्हणून बुडबुडे थांबल्यावर दहा मिनिटे थांबून मगच वाचन करावे.

वाचनापूर्वी नळीच्या आतली व बाहेरची पाण्याची पातळी एक करणे आवश्यक आहे. नळी खोल बादलीत नेऊन वरखाली करावी आणि दोन्ही पातळ्या जुळल्यावर आकडा घ्यावा. आतली पातळी बाहेरच्यापेक्षा १० सेंटिमीटर उंच राहिली तर आतला दाब सुमारे १ किलोपास्कलने कमी असतो आणि वायू एक टक्क्याहून थोडा जास्त दिसतो.

दाबाचा आकडा कुठून घ्यावा

ही चूक नव्या काळाची आहे. आमच्याकडे वायुदाबमापक नाही, म्हणून मुले मोबाइलवरच्या हवामानाच्या ॲपमधून दाब घेतात. त्या दिवशी ॲपने १००३ हेक्टोपास्कल दाखवले आणि एका मुलीने १००.३ किलोपास्कल लिहून ३४.९ मिलिलिटर हे अपेक्षित उत्तर काढले. तिचे गणित निर्दोष होते. ॲपमधला आकडा मात्र बहुधा समुद्रसपाटीला आणलेला असतो, जेणेकरून मुंबई आणि महाबळेश्वर यांच्या हवामानाची तुलना करता यावी. प्रत्यक्षात आपण जेवढे उंच तेवढा दाब कमी, आणि आपल्याकडच्या गरम हवेत साधारण नऊ मीटर चढल्यावर १ हेक्टोपास्कल कमी होतो. आमचे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटरवर आहे, म्हणून १००३ मधून ३३ वजा करून ९७० हेक्टोपास्कल, म्हणजे ९७ किलोपास्कल घ्यावे लागतात. नागपूरही साधारण एवढ्याच उंचीवर आहे. चिखलदऱ्याला, सुमारे ११०० मीटरवर, हाच प्रयोग केला तर दाब ८९ किलोपास्कलच्या आसपास असेल आणि नळी त्या मानाने अधिक भरेल. ज्या फोनमध्ये दाबाचा संवेदक आहे, त्याने थेट मोजलेला आकडा वापरताना ही वजाबाकी करू नये. तो त्या जागेचाच दाब असतो.

काट्याने दिलेला चकवा

अपेक्षित ३६.२ आणि मोजलेले ३६, एवढा चांगला मेळ बसल्यावर वर्गात आनंद झाला. मला मात्र तो मेळ संशयास्पद वाटला, कारण आमचा काटा ०.०१ ग्रॅमपर्यंतच दाखवतो. काट्यावर ०.०५ दिसते तेव्हा खरे वजन ०.०४५ ते ०.०५५ यांच्यात कुठेही असू शकते, म्हणजेच अपेक्षित वायू ३२.६ ते ३९.९ मिलिलिटर यांच्यात कुठेही. तापमान, दाब, बाष्प यांच्या सगळ्या दुरुस्त्या करून आपण जी एक-दोन टक्क्यांपर्यंतची अचूकता मिळवली, ती काट्याच्या दहा टक्क्यांत बुडून जाते. आमचा मेळ योगायोगाचा होता.

यावर उपाय गावातच सापडला. सोनाराचा काटा मिलिग्रॅमपर्यंत दाखवतो. कॅल्शिअम हवेत उघडे नेऊ नये म्हणून घट्ट झाकणाची छोटी कोरडी बाटली घेतली, ती कॅल्शिअमसह आणि कॅल्शिअमशिवाय तोलली आणि फरक घेतला. ज्यांच्याजवळ असा काटा नाही त्यांनी मॅग्नेशिअमची फीत आणि विरल हायड्रोक्लोरिक आम्ल वापरावे: अर्धा मीटर फीत एकदम तोलून एका सेंटिमीटरचे वजन काढता येते आणि मग वजनाऐवजी पट्टीने मोजून तुकडे कापता येतात. ती पाण्याची अभिक्रिया नव्हे, परंतु धातूच्या एका मोलामागे एक मोल हायड्रोजन हे प्रमाण तेच राहते.

सोनाराच्या काट्यावर तोललेले कॅल्शिअम ०.०५२ ग्रॅम भरले. जवळपास तेवढ्याच तापमानाला आणि दाबाला अपेक्षित वायू ३७.७ मिलिलिटर होता, मिळाले ३५. भागाकार ०.९३. खरा दोष आता दिसू लागला होता: वायू जास्त नव्हता, कमी होता.

वायू कमी भरण्याची कारणे मोजकी आहेत. कागद भिजण्याआधी हात काढला नाही तर पहिले बुडबुडे नरसाळ्याबाहेर जातात. बुडबुडे चिकटल्याने कॅल्शिअमचे हलके कण वर तरंगतात आणि नरसाळे लहान असेल तर कडेने निसटतात. बोअरच्या जड पाण्यात बायकार्बोनेट असल्यामुळे चुन्याचा पांढरा गाळ लगेच बसतो. तो हायड्रोजन खात नाही, पण धातूवर थर धरून अभिक्रिया रेंगाळवतो आणि मुले ती संपली असे समजून वाचन घेतात. आमच्या बाबतीत यांपैकी काहीच नव्हते. बाटली दोन वर्षांपूर्वी उघडलेली होती आणि कीस चंदेरी न दिसता राखट पांढरा दिसत होता. हवेतल्या ओलाव्याने वरचा थर ऑक्साइड आणि हायड्रॉक्साइड झाला होता. तो थर काट्यावर वजन देतो, नळीत वायू देत नाही. सोडिअमच्या तुकड्यावर रॉकेल आणि पापुद्रा राहिला तरी नेमके हेच घडते.

भागाकार ०.६३ च्या आसपास आला आणि वायूला लसणासारखा उग्र वास असला, तर बाटलीत कॅल्शिअम नसून कॅल्शिअम कार्बाइड आहे असे समजावे. गॅस वेल्डिंगच्या दुकानातले कार्बाइड “कॅल्शिअम” म्हणून आणणारा विद्यार्थी मला भेटला आहे. त्याच्या एका मोलाचे वस्तुमान ६४.१ ग्रॅम असते, पाण्याशी तेही एक मोल वायू देते, म्हणून भागाकार ४०.०८ भागिले ६४.१ येतो. तो वायू हायड्रोजन नसून ॲसिटिलीन आहे आणि हवेशी मिसळल्यास घातक स्फोट घडवतो. असे पदार्थ प्रयोगशाळेत येऊच देऊ नयेत.

दुसऱ्या दिवशी आम्ही मोठे तुकडे निवडून त्यांच्यावरचा पांढरा थर कोरड्या कानशीने काढला, चंदेरी पृष्ठभाग दिसताच ते बाटलीत बंद केले आणि पुन्हा सोनाराकडे नेले. ०.०४८ ग्रॅम भरले. अपेक्षित ३४.८ मिलिलिटर, मिळाले ३४. उरलेला फरक नळीवरच्या रेघा वाचण्यात आणि निसटलेल्या दोनचार बुडबुड्यांत सहज जातो. त्या मुलाने वहीत तिन्ही दिवसांचे आकडे एकाखाली एक लिहिले आणि प्रत्येकासमोर पाण्याचे तापमान, वजाबाकी केलेला दाब आणि भागाकार अशा तीन जागा आखल्या. पहिल्या दिवसाच्या भागाकारासमोर त्याने ०.९९ लिहून कंसात “काटा ०.०१ चा” अशी नोंद केली.